कुलूप कुणाच्या वाटणीचं

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी हसलं तरी चालेल. लहानपणी कवठे येमाईला आमच्या विहिरीजवळ जायचं म्हटलं तरी मी आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, सदऱ्याचं टोक धरून चालायची. पुढं कॉम्प्युटर शिकले त्याचं एक कारण हेही होतं. खुर्चीत बसून करायचं काम. त्यात कुणी पडत नाही, बुडत नाही, कुणाला शॉक बसत नाही, अशी माझी भाबडी समजूत होती.

नोकरी लागली सणसवाडीत. हायवेवरून आत वळलं की खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. समोर भाड्याच्या खोल्या, त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेले निळे-करडे युनिफॉर्म, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर भोजपुरी गाणी. आमचं काम मात्र अगदी शेतातलं. शेतकऱ्याच्या मोटरला जो स्टार्टर असतो त्याला एक डबा जोडायचा, आत छोटी बॅटरी असलेला, म्हणजे लाईट नसतानाही तो जागा. मग शेतकरी मोबाईलवरून मोटर चालू-बंद करू शकतो. 'ऑटो'वर ठेवलं तर लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते. आणि या डब्यात एक कुलूपही होतं. विहिरीत उतरून मोटरचं काम करायचं असेल तर मोबाईलवर कुलूप दाबायचं. ते हिरवं झालं की लाईट येवो नाहीतर जावो, मोटर सुरू होता कामा नये. बाकी सगळं सोयीचं होतं, हे कुलूप तेवढं जिवाचं होतं.

डब्यातला प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. कितीतरी वर्षं तो एकाच फोल्डरमध्ये वाढत गेला होता. ज्याला जिथं जागा दिसली तिथं त्यानं आपलं सामान टाकलेलं. साहेबांना आता नदीवरच्या मोठ्या मोटरींसाठी दुसरा डबा काढायचा होता, म्हणून त्यांनी फर्मान काढलं, "सगळं नीट वेगळं करा. मॉड्यूल पाडा." मॉड्यूल म्हणजे कामाचा एकेक तुकडा आणि बिल्ड म्हणजे ते सगळे तुकडे जुळवून डब्यात घालण्याजोगा एक गठ्ठा तयार करणं. घरी कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. हे काम साहेबांनी माझ्याकडं दिलं. कारण काय, तर "या घाबरतात, म्हणून नीट बघतात."

ऑफिसात बहुतेक सगळे इकडचेच, शिरूर-दौंडकडचे, शेतकऱ्यांच्या घरातले. त्यांत दोघं जुने. एक बागायतदार घरातला, सोसायटीच्या निवडणुका बघत वाढलेला. तो स्टार्टरचा भाग सांभाळायचा. दुसरा कमी बोलणारा पण आतल्या गाठीचा. मोबाईलवरून येणारे निरोप त्याच्याकडं. प्रोग्रॅमचे तुकडे पाडायचे म्हटल्यावर हे दोघं असे काही सरसावून बसले की मला घरातल्या जमिनीची वाटणी आठवली. तीच बसण्याची पद्धत, तेच घसा खाकरणं. आणि खरोखरच त्यांनी वाटणीचीच रीत काढली. आमच्याकडं दोन भावांत जमीन वाटताना एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं, म्हणजे वाटे पाडणारा लबाडी करत नाही. बागायतदारानं फळ्यावर वाटे पाडले, दुसऱ्यानं उचलले. मी मधे पंच.

सगळं सुरळीत वाटलं गेलं आणि गाडी अडली ती 'सामाईक'पाशी. सामाईक म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टींचा तुकडा. घड्याळ, लाईटचा हिशोब आणि 'कुलूप लावलंय की नाही' याची नोंद, सगळं त्यातच. त्याला हे नाव कुणी दिलं माहीत नाही, पण सामाईक विहिरीवरून चुलत्या-पुतण्यांचं बोलणं बंद झालेली घरं आम्हा प्रत्येकाच्या गावात आहेत.

"ते याच्याकडं ऱ्हायलं तर मला बारीकसारीक गोष्टीला याच्या दारात जायला लागंल," बागायतदार म्हणाला.

"आन् तुज्याकडं ऱ्हायलं तर मला न्हाई का जायला लागणार?" दुसरा म्हणाला.

शेवटी दोघांचं एकमत झालं ते असं, की विहीर ज्यानं त्यानं आपली खोदायची. सामाईकची एक प्रत याच्या वाट्यात, एक त्याच्या. दोन्ही प्रतींना वेगवेगळी नावं, म्हणजे एकमेकींच्या पायात यायला नकोत. भांडण मिटलं याचाच मला इतका आनंद झाला की मी मान डोलावली. दुसऱ्या कुठल्या गावच्या ऑफिसात हे घडलं नसतं असं मला अजून वाटतं. तिथल्या लोकांनी भांडण तरी चालू ठेवलं असतं.

बिल्ड पहिल्याच फटक्यात हिरवी झाली, म्हणजे जुळवणी कुठंच अडली नाही. प्रत्येक तुकड्याची चाचणी वेगळी घेतली, सगळ्या पास. साहेबांनी भेळ मागवली. नवा प्रोग्रॅम आधी दोनच डब्यांत पाठवायचा अशी आमची पद्धत होती, आणि ते दोन्ही डबे माझ्या घरचे. एक कवठ्याला आप्पांच्या विहिरीवर, दुसरा दौंड तालुक्यात खुटबावला माझ्या सासऱ्यांच्या विहिरीवर. साहेब त्यांना 'घरचं गिऱ्हाईक' म्हणायचे. संध्याकाळी दोन्ही डब्यांत नवा प्रोग्रॅम गेला आणि मी निवांत खोलीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भिंतीला लावायला म्हणून, मी नव्या रचनेचं चित्र काढायला घेतलं. प्रत्येक मॉड्यूलचा चौकोन आणि कोण कुणावर अवलंबून आहे त्याचे बाण. निरोपाच्या चौकोनातून बाण काढला तो सामाईककडं गेला. स्टार्टरच्या चौकोनातून काढला तोही सामाईककडं गेला, पण दुसऱ्या. कागदावर दोन सामाईक शेजारी शेजारी बसले होते. मोबाईलवरून कुलूप दाबलं की त्याची नोंद एकात व्हायची, आणि मोटर सुरू करणारा स्टार्टर विचारायला जायचा दुसऱ्याकडं. कुलूप एका दाराला, आणि ये-जा दुसऱ्या दारानं.

मी स्वतःला म्हटलं, बघू तर खरं. ऑफिसच्या कोपऱ्यात चाचणीसाठी एक छोटी मोटर लाकडी फळीवर बसवलेली होती. तिच्या डब्यात नवा प्रोग्रॅम घातला. मोबाईलवर कुलूप दाबलं. छान हिरवं झालं. मग भिंतीवरचं बटण दाबलं, म्हणजे लाईट आली असं समजायचं. मोटर घुर्र करून फिरायला लागली. मोबाईलवर कुलूप तसंच हिरवं.

चाचण्या पास झाल्या होत्या, कारण प्रत्येक तुकड्यानं आपापल्या सामाईकपुरतं बरोबर काम केलं होतं. दोघंही जुने माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि बागायतदारानं हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं.

मी आधी कवठ्याला फोन लावला. आईनं उचलला. आप्पा घरीच होते, दाढी करत होते. विहिरीकडं कुणी जायचं नाही असं मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की आई म्हणाली, "बाई, वरडतीस कशाला, बहिरी हाय का मी?" एक विहीर सुटली.

मग सासऱ्यांना. त्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा नाही. मग सासूबाईंना, आत्यांना.

"ते व्हय? ते हिरीवर गेल्यात," आत्या म्हणाल्या. "मोटरच्या वायरचा जॉइंट ढिला झालाय म्हनं. लाईट यायच्या आत करून घेतो म्हनले."

लाईट त्या आठवड्यात दुपारची होती. पण आमच्याकडच्या लाईटला घड्याळ कळत नाही. कधी ती आधीच येते, कधी येतच नाही.

"आत्या, तुम्ही जा आन् त्यांना वर बोलवा."

"माजे गुडघे कुठं चालत्यात एवढं? वड्याच्या पल्याड हाय हीर. थांब, कुणी दिसतंय का बघते," म्हणाल्या आणि फोन कट झाला. त्यानंतर त्यांचा फोन लागेचना.

मामा विहिरीतल्या कट्ट्यावर, पाय पाण्यात, हातात उघडी तांब्याची तार, आणि वर डबा 'ऑटो'वर. लाईट आली की स्टार्टर आपल्या सामाईकला विचारणार, कुलूप आहे का? आणि ते म्हणणार, नाही. मला एवढंच दिसत होतं. पूर्वी मामा विहिरीत उतरायचे तेव्हा वरच्या बोर्डातले तिन्ही फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात घालायचे. फ्यूजच खिशात म्हटल्यावर कुणी चुकूनही मोटर सुरू करू शकत नाही. सगळे जुने लोक तसंच करतात. आजही काढले असतील, मी स्वतःला समजावत होते. काढले असतीलच.

"जुना प्रोग्रॅम परत पाठवू लगेच," साहेब म्हणाले.

"हात लावू नका!" मी त्यांच्यावर ओरडले. नोकरीत पहिल्यांदा. नवा-जुना कुठलाही प्रोग्रॅम घेतला की डबा बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, आणि सुरू झाल्या झाल्या लाईट आहे का बघायचा. इथून केलेल्या कुठल्याही गोष्टीनं काय होईल याची मला खात्री उरली नव्हती. आदल्या दिवशी जे सगळं मला तळहातासारखं माहीत होतं, त्यातल्या एका ओळीवरही आता विश्वास नव्हता. नवरा कंपनीत पहिल्या पाळीला, फोन गेटवर जमा. मी स्कूटरची किल्ली उचलली.

तो रस्ता मला नेहमी छोटा वाटायचा. शिक्रापूर, तळेगाव, न्हावरा, मग पारगावचा पूल. त्या दिवशी तो संपेचना. उसाच्या ट्रॉलीमागं अडकले तेव्हा मी चक्क रडायला लागले, हेल्मेटच्या आत, आवाज करून. ट्रॉलीवाल्यानं बाजूला घेतली आणि जाताना माझ्याकडं वळून बघितलं. न्हावऱ्यात थांबून पुन्हा फोन लावला. मामांचा वाजला, आत्यांचा बंद. पूल ओलांडला आणि उजव्या हाताला एका शेतात पाइपातून पाणी पडताना दिसलं, जाडजूड, पांढरंशुभ्र. म्हणजे इथं लाईट आलेली होती. लाइन वेगळी असेल, फिडर वेगळा असेल, मी म्हणत राहिले. पण त्या पाण्याकडं बघून मला जी भीती वाटली तशी कधीच वाटली नव्हती. शेतात पाणी पडताना बघून घाबरणारी बाई आमच्या घराण्यात मी पहिलीच असेन.

खुटबावला घराकडं वळलेच नाही. ओढ्यातून स्कूटर तशीच घातली. विहिरीच्या काठावर मामांच्या चपला होत्या. शेजारी, टोपीखाली, फोन. आत वाकून बघायचा धीर होईना. आधी बोर्डाकडं धावले.

तिन्ही फ्यूज जागच्या जागी होते.

लाईट नव्हती. बोर्डावरचा बल्ब विझलेला होता. मी एकेक फ्यूज ओढून काढला. दुसरा निघता निघेना, बोट चिमटलं, पण तिन्ही माझ्या मुठीत आले. मग काठाशी आले आणि खाली बघितलं. मामा कट्ट्यावर उकिडवे बसले होते, तोंडात टेपचा तुकडा, दोन्ही हातांत तारा. वर बघून त्यांनी तोंडातला टेप काढला.

"आगं! तू कशी काय? रजा हाय का आज?"

"वर या," मी म्हणाले.

"ह्यो एवढा टेपचा येढा मारून येतो की."

"मामा, वर या!"

माझा आवाज ऐकून ते काही न विचारता पायऱ्या चढून आले. मी त्यांच्या पायाशीच बसले. फ्यूज का काढले नाहीत, असं विचारलं तेव्हा त्यांनी फोन उचलून माझ्यापुढं धरला. माझे सगळे मिस्ड कॉल, आणि त्यांच्यामागं ते हिरवंगार कुलूप.

"कुलूप लावलंय न्हवं? मग फ्यूज कशाला काढायचं? तू केल्यालं हाय ते."

मी त्यांना कधीच तसं सांगितलं नव्हतं. उलट डबा बसवला त्या दिवशी मी म्हणाले होते, दोन्ही करा, फ्यूजही काढा. ते तेव्हा हो म्हणाले. मग केव्हातरी, आपल्या मनानंच, त्यांनी फ्यूज काढायचं सोडलं. आत्यांनी नंतर सांगितलं की पारावरच्या लोकांना ते मुद्दाम सांगायचे, आता खिसं भरून विहिरीत उतरायची गरज न्हाई, सुनेनं कुलूप केलंय. आयुष्यभराची सवय त्यांनी माझ्या कौतुकापायी टाकली होती. ते ऐकून मला जास्त भीती वाटली, विजेपेक्षाही.

घरी गेलो. आत्यांचा फोन चार्जिंगअभावी बंद पडलेला होता आणि त्या शेजारच्या घरासमोर कुणाची तरी वाट बघत उभ्या होत्या. चहा टाकला. मी कप तोंडाला लावला तेवढ्यात वरचा पंखा फिरायला लागला.

"आली बघ लाईट," आत्या म्हणाल्या.

मामांनी पंख्याकडं बघितलं, मग माझ्या मुठीकडं. फ्यूज अजून तिथंच होते. त्यांनी आपला चहा न पिता खाली ठेवला.

मी सणसवाडीला परत आले तेव्हा फ्यूज माझ्या पर्समध्ये होते. मुद्दाम आणले नव्हते, हातातून सुटले नव्हते इतकंच. मामांना फोन केला की केडगावला नवे मिळतील, घेऊन या. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दी तुज्यापाशी. तू म्हनशील तवा बसवू." झेंडू फुलावर होता. शेजाऱ्याकडून ते पाणी घेत राहिले, आणि शेजारी काय काय बोलला असेल ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

ऑफिसात मी फळा पुसला. आधी कुलूप सामाईकमधून बाहेर काढलं. त्याचं वेगळं मॉड्यूल केलं, जे कुणावर अवलंबून नाही आणि ज्याला विचारल्याशिवाय स्टार्टरला एक पाऊल टाकता येत नाही. उत्तर आलं नाही तर मोटर बंदच. कुलूप कुणाच्याच वाटणीचं नाही. त्यात काही बदलायचं तर त्या दोघांनी एकत्र बसूनच बदलायचं. बिल्डलाही सांगून ठेवलं की कुलपाची दुसरी प्रत कुठल्याही नावानं सापडली तर तिथंच थांबायचं, लाल व्हायचं, पुढं एक अक्षर जोडायचं नाही. बागायतदारानं नवं चित्र भिंतीला लावलं. दुसऱ्यानं तर मुद्दाम दुसरी प्रत घालून बघितली, बिल्ड लाल झाली, तेव्हा त्यानं सुस्कारा टाकला. सणाच्या आधी डबे बाजारात पाठवायचे म्हणून साहेब कुरकुरत होते. मी पर्समधून ते तीन फ्यूज काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. "हे बसवायला तुम्ही खुटबावला चला," म्हटलं. त्यांनी कुरकुर थांबवली.

शेवटी मीच गेले. नवा प्रोग्रॅम डब्यात गेला होता, बोर्डावर बल्ब लागलेला होता. मामांनी मोबाईलवर कुलूप दाबलं, मी फ्यूज बसवले. मोटर गप्प. कुलूप काढलं, मोटर सुरू झाली. पुन्हा लावलं, बंद झाली. कितीतरी वेळा आम्ही तेच केलं. मग मामा चपला काढून पायऱ्यांकडं निघाले.

"कुठं निघाला?"

"जॉइंटवर टेप मारायची ऱ्हायलीय. आता काय, झालं की तुझं दुरुस्त."

"फ्यूज काढा आधी."

ते थांबले. चेहरा पडला. "म्हंजी तुझा तुज्या कामावर इस्वास न्हाई?"

"न्हाई, मामा," मी म्हणाले. "मला लई भ्या वाटतं."

एवढी मोठी माणसं आमच्याकडं सुनेच्या तोंडून असं ऐकून घेत नाहीत. पण मामा बोर्डाकडं गेले, तिन्ही फ्यूज काढले, सदऱ्याच्या खिशात घातले आणि खिशाचं बटण लावलं. कुलूपही दाबलं. मग उतरले.

त्या दिवसापासून आमचं ठरलं आहे. विहिरीत उतरण्याआधी मामा मला एक मिस्ड कॉल देतात, वर आले की दुसरा. पहिला आला की मी कीबोर्डवरून हात उचलते. माझ्या हाताचा आता त्यांच्या डब्याशी तसा काही संबंध नसतो हे मला माहीत आहे. तरीही उचलते. सुरुवातीला साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "मामा विहिरीत आहेत." तेव्हापासून बागायतदारही हात उचलतो, दुसराही. साहेब आपल्या खुर्चीत मागं टेकून बसतात. समोरच्या गॅलरीतलं गाणं तेवढं ऐकू येतं. दुसरा कॉल आला की कुणीतरी खालच्या टपरीवर ओरडून चहा सांगतं आणि सगळे एकदम बोलायला लागतात.

आज पहिला कॉल येऊन बराच वेळ झाला. चहा अजून कुणी सांगितलेला नाही.